नियमांच्या आडून पक्षपात : विकिपीडियावरचे ‘वायफायवन’ प्रकरण

फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद मंडळाने, म्हणजे सदस्यांच्या वागण्याविषयीच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंडळाने, ‘वायफायवन’ नावाच्या एका खात्यावर बंदी घातली. विकिपीडियावर बंदी ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. शिवीगाळ करणारे, जाहिराती डकवणारे, लेख कोरे करून पळणारे यांची खाती रोज बंद होत असतात. हे खाते त्यांतले नव्हते. ते एका प्रचालकाचे होते. प्रचालक म्हणजे लेख वगळणे, लेखाला कुलूप लावणे आणि दुसऱ्याचे खाते रोखणे हे अधिकार इतर सदस्यांनी चर्चा करून ज्याच्या हाती दिले आहेत असा स्वयंसेवक. ‘वायफायवन’ला ते २०१० मध्ये मिळाले होते. ज्याच्या हातात किल्ल्या होत्या, त्याच खात्याकडून भारतातल्या एका खासगी व्यवस्थापन संस्थेच्या लेखाची वर्षानुवर्षे एकाच बाजूने मशागत चालली होती.

मी मराठी विकिपीडियावर लिहितो आणि नव्या सदस्यांच्या कार्यशाळाही घेतो. ‘हितसंबंधांचा संघर्ष’ हा विषय निघाला की मी हेच प्रकरण समोर ठेवतो. पैसे घेऊन लिहिले, लपवले आणि पकडले गेले अशी सरळ प्रकरणे पुष्कळ आहेत, पण त्यांतून शिकण्यासारखे थोडेच उरते. इथे मात्र जवळजवळ प्रत्येक बदलाला कुठल्या ना कुठल्या नियमाचा टेकू होता. सुटे सुटे पाहिले तर वावगे काहीच दिसत नव्हते. सगळे एका ओळीत मांडल्यावर मग चित्र दिसले.

संस्था आणि तिचा काळ

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजेच आयआयपीएम, १९७३ मध्ये मलय चौधुरी यांनी सुरू केली. पुढे त्यांचे चिरंजीव अरिंदम चौधुरी हा तिचा चेहरा झाला. २००० नंतरच्या दशकात ज्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत होते त्यांना त्या पानभर जाहिराती आठवत असतील. आयआयएमच्या पलीकडे विचार करण्याचे धाडस करा असे त्यांत आवाहन असे, शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप आणि जगभरच्या मोठ्या नावांची रांग. मुंबई आणि पुण्यातही संस्थेची केंद्रे होती. आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे कॅटमध्ये, थोडक्यात हुकलेल्या मुलांच्या आईबापांना ही जाहिरात नेमकी कुठे लागत असेल, हे वेगळे सांगायला नको.

जाहिरातीतल्या दाव्यांना पहिला मोठा धक्का मुंबईतूनच बसला. २००५ मध्ये रश्मी बन्सल यांच्या ‘जॅम’ या तरुणांच्या मासिकाने संस्थेच्या दाव्यांची एकेक करून पडताळणी छापली. गौरव सबनीस या ब्लॉगलेखकाने त्या लेखाचा दुवा देऊन स्वतःही लिहिले. ते तेव्हा आयबीएममध्ये नोकरीला होते. दोघांनाही कायदेशीर कारवाईची धमकी आली. मग संस्थेच्या विद्यार्थ्यांना मिळालेले आयबीएमचे लॅपटॉप कंपनीच्या कार्यालयासमोर जाळले जातील असा दबाव आयबीएमवर आणला गेला. आपल्या लिहिण्यामुळे कंपनी अडचणीत यायला नको म्हणून सबनीसांनी नोकरीचा राजीनामा दिला, पण लिहिलेले मागे घेतले नाही. भारतीय ब्लॉगविश्वात त्या आठवड्यात जी खळबळ उडाली ती अनेकांना अजून आठवते.

नंतरची काही वर्षे हाच खेळ मोठ्या पटावर चालला. ‘कॅराव्हॅन’ मासिकाने फेब्रुवारी २०११ च्या अंकात अरिंदम चौधुरींवर सिद्धार्थ देब यांचा दीर्घ लेख छापला. त्यावर ५० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लागला, तो आसाममधल्या सिलचर इथे. मासिक दिल्लीचे, संस्था दिल्लीची आणि तारखेला जायचे सिलचरला. लेख संकेतस्थळावरून उतरवण्याचा अंतरिम आदेशही निघाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयाच्या आदेशावरून दूरसंचार विभागाने ७३ वेबपाने भारतात बंद करायला लावली. त्यांत वर्तमानपत्रांची पाने होती, ब्लॉग होते आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची एक जाहीर सूचनाही होती. ही संस्था आयोगाच्या कायद्याखाली विद्यापीठ नाही आणि तिला पदवी देण्याचा अधिकार नाही, असे विद्यार्थ्यांना सांगणारे सरकारी पान सरकारच्याच दुसऱ्या खात्याने झाकून टाकले.

न्यायालयीन कज्जे आणि विकिपीडिया यांचा संबंध इथेच जुळतो. विकिपीडिया स्वतः काही शोधून काढत नाही. दुसरीकडे विश्वासार्ह ठिकाणी जे छापले गेले आहे त्याचा सारांश तो देतो. ज्याला स्रोत नाही ते वाक्य टिकत नाही. म्हणजे स्रोतच दाव्यांच्या धाकाने गप्प झाले, उतरवले गेले किंवा बंद पाडले गेले, तर विकिपीडियाच्या लेखातून टीका आपोआप गळू लागते. ती गळताना हात लावायला एक माणूस असला की पुरे. तो खोटे लिहीत नाही. तो फक्त विचारतो, “याला स्रोत कुठे आहे?”

एकेक बदल आणि त्यांची ओळ

‘वायफायवन’ हे खाते इतर विषयांतही काम करत होते. त्याचे बोलणे सभ्य होते आणि नियमांचा अभ्यास पक्का होता. हे सांगितले की कार्यशाळेत हमखास कोणीतरी म्हणते, “मग तो वाईट कसा?” वाईट-चांगले ठरवायचा मुद्दाच नाही इथे. त्या एका लेखाजवळ आल्यावर नियमांचे ज्ञान कुठल्या दिशेला वळते, एवढेच पाहायचे.

ही तऱ्हा समजावी म्हणून मी कार्यशाळेत एक काल्पनिक संस्था घेतो आणि तिच्या लेखावरचे पाच बदल फळ्यावर लिहितो. हे बदल त्या खात्याचे नाहीत, मी रचलेले आहेत. पहिला बदल : टीकेचे एक वाक्य काढले, कारण दिले ‘ब्लॉग हा विश्वासार्ह स्रोत नाही’. बरोबर, नियम तसाच आहे. दुसरा : सरकारी सूचनेचा उल्लेख काढला, ‘प्राथमिक स्रोतावरून निष्कर्ष नको’. हाही नियम आहे. तिसरा : दाव्याची बातमी काढली, ‘प्रकरण न्यायप्रविष्ट, आणि हा जिवंत व्यक्तीविषयीचा मजकूर’. जिवंत व्यक्तींबाबत काळजी घ्यावीच लागते. चौथा : प्रस्तावनेतले मान्यतेविषयीचे वाक्य खाली, दहाव्या परिच्छेदात नेले, ‘एका मुद्द्याला अवाजवी महत्त्व नको’. पाचवा : संस्थेला मिळालेल्या एका क्रमवारीचा उल्लेख घातला, संदर्भासह.

आता या पाचांपैकी चूक कोणता? खोलीतले लोक थोडा वेळ वाद घालतात आणि शेवटी म्हणतात, एकही नाही. मग मी एवढेच विचारतो, की पाचव्या बदलातली क्रमवारी कोणी छापली होती? ते मासिक किती विश्वासार्ह, याची चौकशी त्या सदस्याने केली का? ब्लॉगला लावलेली चाळणी क्रमवारीला लावली का? खोलीत शांतता होते ती इथे. चाळणी खरी होती, पण ती एकाच बाजूच्या धान्याला लावली होती.

लवाद मंडळापुढे जे आले ते याच जातीचे होते. संस्थेला अडचणीचा मजकूर नियमांवर बोट ठेवून कमी होत गेला आणि सोयीचा मजकूर त्यामानाने सैल हाताने आत येत गेला. स्पर्धक संस्थांशी संबंधित लेखांवर मात्र नकारात्मक मजकुराला हात सढळ होता, हेही तक्रारीत दाखवले गेले. माझ्या मते प्रकरणाचा सगळ्यात बोलका भाग हा दुसरा आहे. आपल्या माणसाचे कौतुक भाबडेपणातूनही होऊ शकते. पण एकच नियम शेजाऱ्याला उलटा लागतो तेव्हा भाबडेपणाचे कारण पुरत नाही.

संशय पहिल्यांदा २०१४ मध्ये आला असेही नव्हते. तो आधीही अनेकदा बोलून दाखवला गेला होता. काही संपादकांनी प्रश्न विचारले, दुवे दिले, उत्तरे मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये प्रकरण लवाद मंडळाकडे गेले आणि फेब्रुवारीत निकाल लागला. प्रचालकाचे अधिकार गेले आणि खात्यावर बंदी आली. मार्च २०१५ मध्ये ‘न्यूजवीक’ने त्यावर सविस्तर वृत्तांत छापला तेव्हा विकिपीडियाबाहेरच्या जगाला हे कळले.

इतका वेळ का लागला

हा प्रश्न मला निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

एक कारण विकिपीडियाच्या स्वभावातच आहे. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरून वागा, हा तिथला पायाभूत संस्कार. तो नसता तर अनोळखी माणसांना एकत्र बसून ज्ञानकोश लिहिता आलाच नसता. पण ज्याच्याविषयी हेतू गृहीत धरायचा तो स्वतः प्रचालक असेल, तर शंका घेणाऱ्यालाच दोषी वाटू लागते. नवखा सदस्य अशा खात्याशी वाद घालायला धजत नाही. जुना सदस्य म्हणतो, याने इतरत्र एवढे काम केले आहे, जाऊ दे. कुंपणच शेत खाते म्हणतात ना, त्यात कुंपणाकडे कोणी पाहत नाही हीच खरी अडचण असते.

दुसरे कारण जास्त नाजूक आहे. विकिपीडियावर टोपणनावाने लिहिण्याचा हक्क आहे आणि एखाद्या टोपणनावामागचा खरा माणूस कोण हे चव्हाट्यावर आणणे हा गंभीर गुन्हा मानला जातो. हा नियम मला प्राणपणाने जपावासा वाटतो. हुकूमशाही देशांत लिहिणारे, जातपंचायतीविरुद्ध लिहिणारे, स्वतःच्याच गावातल्या पुढाऱ्याच्या लेखात खटल्याचा उल्लेख करणारे लोक या एका आडोशावर लिहीत असतात. पण हाच आडोसा हितसंबंध लपवणाऱ्यालाही मिळतो. ‘तू त्या संस्थेत काम करतोस का?’ हा प्रश्न विचारता येतो, उत्तर मात्र वसूल करता येत नाही.

लवाद मंडळाने ही कोंडी फोडली ती ओळखीचा पाठलाग न करता. मंडळात सदस्यांनी निवडून दिलेले स्वयंसेवक असतात आणि ते लेखात काय लिहावे हे ठरवत नाहीत; सदस्यांचे वागणे तपासतात. या प्रकरणातही निकाल उभा राहिला तो वागण्यावर, अनेक वर्षांच्या संपादनांच्या नोंदीवर. म्हणूनच हे प्रकरण सांगताना ‘संस्थेनेच माणूस पेरला होता’ असे कोणी ठोकून दिले की मी थांबवतो. ते सिद्ध करण्याची मंडळाला गरज पडली नाही, आणि आपल्यालाही पडत नाही. दिशा सिद्ध झाली, तेवढ्यावर अधिकार काढून घेता आले.

तिसरे कारण पाहण्याच्या सवयीचे आहे. विकिपीडियावर प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ असतो. लेख कोणी, कधी, काय बदलला ते त्यात दिसते. बहुतेक निरीक्षक तोच पाहतात. त्यात एका माणसाचे बदल शंभर जणांच्या बदलांत मिसळून जातात. पक्षपात शोधायचा तर ‘सदस्याचे योगदान’ उघडावे लागते. त्यात तोच माणूस या लेखावर काय करतो, शेजारच्या लेखावर काय करतो आणि चर्चा पानावर, म्हणजे लेखातल्या बदलांवर बोलण्यासाठी प्रत्येक लेखाला जोडलेल्या पानावर, काय बोलतो ते सलग दिसते. माझी सवय अशी आहे, की संशय आला की दोन खिडक्या शेजारी उघडायच्या. डावीकडे त्या सदस्याने काढलेला मजकूर, उजवीकडे घातलेला. आणि प्रत्येक ओळीसमोर वहीत फक्त अधिक किंवा उणे मांडायचे. तीस-चाळीस ओळी झाल्या की वही स्वतःच बोलू लागते. चिन्हे मिसळलेली असतील तर मनातली शंका तिथेच सोडून द्यायची. एका बाजूला सगळे अधिक आणि दुसऱ्या बाजूला सगळे उणे आले, तर चर्चा पानावर ती वही मांडायची, सदस्याच्या नोकरीविषयी एक अक्षर न बोलता.

ज्यांनी तो लेख वाचला

या सगळ्या काळात लेख कोणी वाचला असेल? कॉलेजचे नाव गूगलमध्ये टाकले की विकिपीडिया पहिल्या पानावर येतो, बऱ्याचदा संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या लगोलग. जाहिरात पाहिल्यावर सावध आईबाप जे करतात तेच त्यांनी केले असणार : जाहिरात नको, तटस्थ ठिकाणी काय लिहिलेय ते बघू. ज्याने पडताळणी केली तोच फसला, हे या प्रकरणातले मला सर्वांत लागणारे आहे. जाहिरातीवर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवला तर निदान ती जाहिरात आहे हे त्याला ठाऊक असते. विकिपीडियावर वाचणारा गाफील असतो, आणि त्याने असावेच. त्यासाठीच तर आम्ही हे उभे केले.

आणखी एक गोष्ट तेव्हाच्या भारताची. विकिपीडिया मोबाइलवर डेटाचे पैसे न लागता वाचता यावा अशी ‘विकिपीडिया झीरो’ ही योजना २०१३ मध्ये एअरसेलमार्फत आपल्याकडे आली. हेतू उत्तम होता. पण फुकट होता तो विकिपीडियाचा लेख. लेखाखालच्या संदर्भावर बोट ठेवले की बाहेरचे पान उघडायला पैसे लागायचे. म्हणजे ज्याच्याकडे डेटापॅकला पैसे नाहीत त्याला सारांश दिसणार, सारांशाची पडताळणी करता येणार नाही. त्यातून संदर्भातली कितीतरी पाने आदेशाने बंद केलेली. अशा वाचकासमोर लेखातले एक वाक्य दहाव्या परिच्छेदात ढकलणे ही किरकोळ मांडणी राहत नाही.

बाहेरच्या जगात निवाडा आधीच झाला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संस्थेला आणि चौधुरी पितापुत्रांना ‘एमबीए’, ‘बीबीए’, ‘मॅनेजमेंट स्कूल’, ‘बिझनेस स्कूल’ असे शब्द वापरायला मनाई केली. २०१५ मध्ये संस्थेने शहरोशहरीची आपली केंद्रे बंद करत असल्याचे जाहीर केले. ‘कॅराव्हॅन’च्या लेखावरची मनाई उठायला मात्र २०१८ उजाडले. सात वर्षे! एका मासिकाच्या लेखाला पुन्हा वाचकासमोर यायला एवढा काळ लागला, आणि या काळातला बराचसा भाग विकिपीडियाच्या लेखात तो वाद कसा दिसावा हे एका खात्याच्या मर्जीवर बरेच अवलंबून होते.

बदललेले नियम

याच सुमारास विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने वापराच्या अटी कडक केल्या. जून २०१४ पासून, पैसे किंवा इतर मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपला मालक कोण, ग्राहक कोण आणि आपला त्यांच्याशी संबंध काय हे जाहीर करणे बंधनकारक झाले. त्याला कारण घडले ते २०१३ चे विकी-पीआर प्रकरण. पैसे घेऊन लेख लिहून देणाऱ्या त्या अमेरिकी कंपनीशी जोडलेली अडीचशेच्या वर खाती बंद करावी लागली होती. अटी आल्यावरही २०१५ मध्ये ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखल्या गेलेल्या टोळीची ३८१ खाती बंद झाली. ही टोळी आधी छोट्या व्यावसायिकांचे नाकारलेले लेख हेरायची आणि मग ‘लेख टिकवून देतो, पैसे दे’ म्हणून त्यांच्याकडे जायची. ती सरळसरळ खंडणी होती.

पण ‘वायफायवन’सारख्या प्रकरणाला ही अट पुरी पडत नाही. मोबदला घेतल्याचे कोणी सांगितलेच नाही तर? आणि मोबदला नसलेला हितसंबंध? माजी विद्यार्थ्याचा अभिमान, भावाची कंपनी, कार्यकर्त्याची निष्ठा? त्यासाठीचा संकेत जुनाच आहे. ज्या विषयाशी तुमचे नाते आहे त्या लेखात स्वतः हात घालू नका. चर्चा पानावर नाते सांगा, हवा तो बदल संदर्भासह सुचवा आणि निर्णय दुसऱ्यावर सोडा. स्पेलिंग, तारीख, उघड तोडफोड यांची दुरुस्ती चालते. बाकी विनंती.

मराठी विकिपीडियावर हे काम आणखी अवघड जाते. २००३ पासून चालू असलेल्या आपल्या या ज्ञानकोशाला नियमित लिहिणारे हात थोडे आहेत. तालुक्यातल्या संस्थेचा लेख बहुधा त्या संस्थेतलाच कोणीतरी सुरू करतो, कारण दुसरा कोणी करणारच नसतो. मग लेखात शिक्षणमहर्षी येतात, सहकारमहर्षी येतात, कार्यसम्राट येतात, ‘परिसराचा कायापालट’ होतो. लिहिणाऱ्याला हे खोटे वाटत नसते. गौरव अंकाची भाषा हीच त्याला लेखाची भाषा वाटते. अशा माणसाला पहिल्याच दिवशी बंदीची भीती घातली तर तो परत येत नाही आणि त्याच्याजवळची खरी माहितीही त्याच्याबरोबर जाते. त्याला चर्चा पानाची वाट दाखवावी लागते, हात धरून.

मावशीचा फोन

ही वाट कशी चालायची ते मला माझ्याच घरातून शिकावे लागले. माझी मावशी एका शाळेत तीस वर्षे शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. त्या शाळेच्या लेखात एक वाक्य आले होते : काही वर्षांपूर्वी शाळेच्या दोन तुकड्यांची मान्यता अडकली होती, आणि त्याला एका स्थानिक दैनिकाच्या बातमीचा संदर्भ होता. मावशीचा फोन आला.

“अरे, तू तिथे लिहितोस ना? ते वाक्य काढून टाक बरं.”

“खोटं आहे का मावशी ते?”

“खोटं नाही रे. पण पुढच्याच वर्षी मान्यता मिळाली की! ते कुठं लिहिलंय? माझ्या मुली वाचतात ते.”

‘माझ्या मुली’ म्हणजे तिच्या विद्यार्थिनी. तिचे म्हणणे रास्त होते. वाक्य खरे होते आणि अपुरेही होते. माझ्या जागी दुसरा कोणी संपादक असता तर त्याने दोन मिनिटांत पुढचे वाक्य जोडले असते आणि कोणी हरकत घेतली नसती. मीही जोडू शकत होतो. बोट बटणावर होते. पण मी त्या वाक्याकडे आलो होतो ते मावशीच्या फोनमुळे. उद्या दुसऱ्या शाळेच्या लेखात असेच अपुरे वाक्य असेल, तर तिथे मला कोण फोन करणार आहे?

मी मावशीला म्हटले, “मान्यता मिळाल्याचा कागद आहे का? किंवा बातमी?” तिने कपाटातून जुन्या दैनिकाचे कात्रण काढले, तिच्या भाचेसुनेने त्याचा फोटो पाठवला. त्यावरून मी दैनिकाचा अंक आणि तारीख शोधली आणि चर्चा पानावर लिहिले :

‘या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका माझ्या मावशी आहेत, म्हणून लेखात मी स्वतः बदल करत नाही. मान्यतेविषयीच्या वाक्यापुढे, ती पुढील शैक्षणिक वर्षात मिळाली, एवढी भर घालावी अशी विनंती आहे. संदर्भ खाली देत आहे. मूळ वाक्य काढू नये.’

शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले. अकरा दिवस कोणी उत्तर दिले नाही. मावशी दर दोन दिवसांनी विचारायची, “झालं का रे?” आणि मी सांगायचो, “अजून नाही, मावशी.” बाराव्या दिवशी एका सदस्याने कात्रणाचा अंक स्वतः तपासून भर घातली. मी ज्या शब्दांत सुचवली होती त्यात नाही. त्याच्या शब्दांत, आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत. मूळ वाक्य आहे तिथेच राहिले. मावशीने लेख उघडून दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचली आणि म्हणाली, “आता ठीक आहे.” चर्चा पानावरची माझी नोंद अजून तशीच आहे, माझ्या आणि मावशीच्या नात्यासकट, कोणालाही वाचता येईल अशी.